६४ की ६५? नाण्याच्या ग्रेडमागचं कोडं आणि त्यावरचे काही उपाय

दुर्मीळ नाणी जमवणाऱ्यांच्या जगात एक उद्योग चालतो. बाहेरच्या माणसाला तो सांगितला तर त्याला आधी हसू येतं. पैसे भरून नाणं तपासणीला पाठवायचं. तपासणारी कंपनी ते बघते, त्याला ७० पैकी एक आकडा देते आणि पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या चपट्या पेटीत सीलबंद करून परत करते. या पेटीला म्हणतात स्लॅब. मालक तो स्लॅब घरी आणतो, कडेवर हातोडी मारून फोडतो, नाणं अलगद बाहेर काढतो आणि पुन्हा पैसे भरून त्याच कंपनीकडे पाठवतो. कारण एकच: मागच्या वेळी ६४ मिळाले होते, या वेळी कदाचित ६५ मिळतील.

आणि कधीकधी मिळतातही. नाणं तेच, कंपनी तीच, आकडा वेगळा. काही नाण्यांच्या बाबतीत या एका अंकाने किंमत कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे हातोडीचा आणि दुसऱ्यांदा भरलेल्या शुल्काचा खर्च सहज निघतो. या प्रकाराला क्रॅकआउट म्हणतात, आणि तो कोणी चोरून करत नाही. त्यावर पोट भरणारे व्यापारी आहेत.

हा आकडा कसा ठरतो, तो का हलतो आणि तो देणारी सेवा सुधारायची तर काय करता येईल, ते इथे बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो. आकडा आणखी बारीक करत बसून काही साधणार नाही. तो कसा आला ते दाखवा आणि कुठल्या नाण्याला पूर्वी काय दिलं होतं ते लक्षात ठेवा. बहुतेक दुखणी या दोन गोष्टींनी कमी होतील.

आकड्यात काय काय कोंबलेलं असतं

नाणं टेबलावर आलं की तपासनीस, म्हणजे ग्रेडर, तीन प्रश्न विचारतो. हे खरं आहे का? कोणी याच्याशी खेळ केलाय का, म्हणजे घासलं, पॉलिश केलं, कोरलं, रंगवलं? आणि खरं व निर्मळ असेल तर किती चांगलं टिकलंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं निदान हो-नाही अशी देता येतात. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे ग्रेड.

टिकण्याचा पहिला निकष झीज. पण झीज म्हणजे नुसतं गुळगुळीत होणं नव्हे. टाकसाळीत दोन ठशांच्या दाबाखाली चकतीचा धातू क्षणभर मधून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. असं नाणं दिव्याखाली हळूहळू तिरकं फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. ही खरी झळाळी. नाणं वापरात गेलं की चित्राच्या सगळ्यात उंच भागांवर, म्हणजे गालावर, केसांवर, गरुडाच्या छातीवर, या रेषा आधी मोडतात आणि तिथे उजेड फिरायचा थांबतो. मुरलेला ग्रेडर झीज शोधतो ती अशी, दिवा आणि मनगट वापरून. भिंग पुष्कळदा नंतर येतं.

इथेच पहिली गफलत होते. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या टाकसाळीतल्या पुष्कळ मॉर्गन डॉलरांवर, म्हणजे जुन्या चांदीच्या डॉलरांवर, स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस सपाट दिसतात. नवखा म्हणतो, झिजलंय. प्रत्यक्षात ते नाणं कोणी खर्चलेलंच नसतं. ठसा पुरेशा दाबाने उमटला नाही, म्हणून केस मुळात आलेच नाहीत. झिजलेलं सपाटपण आणि जन्मजात सपाटपण यांतला फरक झळाळी सांगते: त्या सपाट भागावरूनही उजेड फिरत असेल तर नाणं वापरलेलं नाही.

मग ओरखडे आणि ठोके. चांदीचे डॉलर टाकसाळीतून हजार-हजारच्या पिशव्यांत भरून जात. जड नाणी एकमेकांवर आपटत, घासत. त्यामुळे एकदाही हातोहात न फिरलेल्या नाण्याच्या गालावर जखमा असू शकतात. गालावरची जखम लगेच डोळ्यांत भरते, केसांच्या बटांतली लपते, म्हणून ग्रेडर जखमा मोजण्याबरोबर त्यांच्या जागाही तोलतो. शेवटी उरतं ते नाण्याचं रूप. जुन्या चांदीवर चढलेले निळे-सोनेरी रंग एकाला वेड लावतात, दुसऱ्याला डाग वाटतात.

झीज, ठशाची स्पष्टता, झळाळी, जखमा, रूप अशा पाच गोष्टींचं गाठोडं करून त्यावर एक आकडा चिकटवायचा, असा हा कारभार. पाच विषयांचे गुण दडवून फक्त टक्केवारी हातात देण्यासारखंच.

७० पैकी का?

शंभरपैकी का नाही, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. उत्तर गमतीचं आहे. विल्यम शेल्डन हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीचे तीन प्रकार पाडणारा म्हणून तो ओळखला जातो. त्याला सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकी तांब्याच्या मोठ्या सेंटांचा नाद होता. १९४९ मध्ये त्याने या नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचवली. हिशेब बाजारभावाचा होता: कसंबसं ओळखू येणारं नाणं १, आणि निर्दोष नाणं त्याच्या ७० पट किमतीचं, म्हणून ७०. बाजार बदलला, गुणोत्तर कधीच कोलमडलं, पण आकडे तसेच राहिले आणि हळूहळू सगळ्या प्रकारच्या नाण्यांना लागले.

त्यामुळे या पट्टीवरच्या खुणा समान अंतरावर नाहीत. खालच्या भागात मोठमोठ्या उड्या आहेत: ४, ६, ८, १०, १२, १५, मग २०. साठच्या पुढे, जिथे झीज अजिबात नसते, तिथे मात्र ६० ते ७० अशा अकरा पायऱ्या दाटीवाटीने बसवल्या आहेत. सगळ्यात मोठा पैसा याच अकरा पायऱ्यांवर खेळतो, आणि दोन पायऱ्यांतलं अंतर डोळ्याला सगळ्यात कमी दिसतं तेही इथेच. २०१० मध्ये मोठ्या कंपन्यांनी ६४ आणि ६५ च्या मध्ये '६४ अधिक' अशा अर्ध्या पायऱ्याही आणल्या.

शेल्डनचं पुढे काय झालं ते जाता जाता सांगतो, कारण पुढच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी या नाणेशास्त्राच्या संस्थेच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी काढून त्याने त्यांच्या जागी त्याच प्रकारची हलकी नाणी ठेवली होती. प्रतवारीची पट्टी बनवणाऱ्यानेच वरची प्रत उचलून खालची ठेवली! ही अदलाबदल पकडली गेली ती मूळ नाण्यांच्या जुन्या छायाचित्रांमुळे. तांब्यावरचा एकेक टिंब, एकेक खरचटा ताडून बघितला गेला. प्रत्येक नाण्याच्या अंगावर अशी बोटांच्या ठशांसारखी स्वतःची ओळख असते, हे ध्यानात ठेवू.

लबाडी न करता आकडे कसे फुगतात

ग्रेडिंगच्या कंपन्या तशा अलीकडच्या. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने १९७२ मध्ये नाण्यांचा खरेखोटेपणा तपासणारी सेवा सुरू केली आणि १९७९ पासून ग्रेडही द्यायला लागली. नाण्याचा फोटो छापलेलं कागदी प्रमाणपत्र मिळायचं. सीलबंद स्लॅबची पद्धत १९८६ मध्ये पीसीजीएस या कंपनीने रुळवली, पुढच्या वर्षी एनजीसी आली. साधारण रीत अशी की दोन किंवा अधिक ग्रेडर एकमेकांचं मत न बघता आकडा देतात आणि एक ज्येष्ठ माणूस अंतिम आकडा ठरवतो. नाणं कोणाचं आहे ते ग्रेडरला सांगत नाहीत. एका नाण्यावर अनेकदा काही सेकंदच जातात. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण हजारो नाणी पाहिलेल्या डोळ्याला तेवढे पुरतात. निदान बहुतेक वेळा.

आता एक हिशेब मांडू. समजा एक नाणं ६४ आणि ६५ च्या सीमेवर आहे. दहा वेळा दाखवलं तर आठ वेळा ६४ मिळतील, दोन वेळा ६५. म्हणजे एका खेपेला ६५ मिळण्याची शक्यता २० टक्के. मालक हट्टी आहे, तो ६५ मिळेपर्यंत पाठवत राहतो. पाच खेपांत एकदा तरी ६५ मिळण्याची शक्यता किती? प्रत्येक खेपेला हुकण्याची शक्यता ०.८. पाचही वेळा हुकण्याची ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३. तेव्हा पाच खेपांत ६५ पदरात पडण्याची शक्यता जवळजवळ ६७ टक्के.

कोणी खोटं बोललं नाही, कोणी लाच दिली नाही, ग्रेडरांनी प्रामाणिकपणे काम केलं. तरी नाणं वर सरकलं, कारण ६४ मिळालं की खेळ पुढे चालतो आणि ६५ मिळालं की थांबतो. वर गेलेली चूक कायमची पेटीत बंद होते, खाली गेलेली चूक हातोडीने पुसली जाते. वर्षानुवर्षं हजारो मालक हेच करत राहिले की बाजारात ६५ लिहिलेल्या पेट्यांत खऱ्या ६४ ची गर्दी होते. जुने संग्राहक 'पूर्वीचं ६५ वेगळं होतं' म्हणून कुरकुरतात. त्यांच्या कुरकुरीत आठवणींचा गोडवा किती ते सोडा, पण गणित त्यांच्या बाजूने आहे.

दुसरं नुकसान नोंदवहीचं. कंपन्या कुठल्या वर्षाच्या, कुठल्या टाकसाळीच्या किती नाण्यांना कुठला ग्रेड दिला याची यादी ठेवतात. तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, आणि दुर्मीळपणा ठरवताना खरेदीदार तीच उघडतो. आपल्या हट्टी मालकाचं नाणं पाचव्या खेपेला ६५ झालं असेल, तर त्या यादीत चार ६४ आणि एक ६५ अशी पाच नाणी दिसतील. प्रत्यक्षात नाणं एकच. फोडलेल्या पेट्यांतली लेबलं परत पाठवली तर जुनी नोंद वगळता येते, पण तसदी कोण घेणार? उलट ६४ ची संख्या फुगलेली दिसली की ६५ अधिक दुर्मीळ भासतं, हे मालकाच्या पथ्यावरच पडतं.

पहिला उपाय: नाणं ओळखा

इलाज उघड आहे. प्रत्येक नाणं आलं की त्याचे ठराविक प्रकाशात, ठराविक कोनांतून फोटो घ्यायचे आणि ते जुन्या सगळ्या फोटोंशी ताडायचे. शेल्डनची चोरी माणसांनी नजरेने पकडली, आज हे काम संगणक करू शकतो. नाण्यांच्या पृष्ठभागाची नोंद घेऊन पुन्हा आलेलं नाणं ओळखण्याची प्रणाली पीसीजीएसने २०१० मध्येच आणली होती. म्हणजे तंत्र नवं नाही. प्रश्न आहे ते प्रत्येक नाण्याला लावण्याचा, आणि ओळख पटल्यावर काय करायचं याचा.

माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. एक, ओळख पटली की नोंदवहीतली जुनी नोंद आपोआप वगळावी, लेबल परत येण्याची वाट बघू नये. दोन, नाण्याचा इतिहास खरेदीदाराला दिसावा: अमुक साली ६४, तमुक साली ६४, मग ६५. ग्रेड बदलायला बंदी नको, माणसाचं मत बदलू शकतं. पण ते बदलल्याचं समोर दिसलं की त्या ६५ ला बाजार आपोआप योग्य ती किंमत देईल. तीन, पेटी न फोडता रीतसर फेरतपासणी मागण्याची सोय स्वस्त आणि सुटसुटीत हवी, म्हणजे हातोडीची गरजच उरणार नाही. अशी सोय आज काही ठिकाणी आहे, पण जुना आकडा समोर दिसत असताना ग्रेडरचा हात आखडतो असा संग्राहकांचा समज आहे, म्हणून ते फोडूनच पाठवतात. फेरतपासणीत लेबल झाकून ठेवायला काय हरकत आहे?

हे सगळं आजवर सर्रास का झालं नाही, याचं एक कारण अवघडलेलं आहे. तेच नाणं पाच वेळा आलं की शुल्कही पाच वेळा येतं. शिवाय काही सेवांमध्ये महागड्या नाण्यांचं शुल्क त्यांच्या बाजारभावाच्या टक्केवारीत असतं, म्हणजे ग्रेड वाढला की कंपनीचाही वाटा वाढतो. ग्रेडर यामुळे बिघडतो असं मला म्हणायचं नाही, त्याला हे आकडे दिसतही नसतील. पण जिच्या तिजोरीला क्रॅकआउटचा हातभार लागतो, ती कंपनी क्रॅकआउट थांबवायला धावत सुटणार नाही. शुल्क नाण्याच्या किमतीऐवजी कामाच्या कष्टावर ठरवावं, आणि हमीचा, म्हणजे ग्रेड चुकला तर भरपाई देण्याच्या जबाबदारीचा, खर्च वेगळा दाखवावा, म्हणजे कशाचे पैसे घेतले ते तरी कळेल.

दुसरा उपाय: कारण लिहा

१९१३ चा लिबर्टी निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, हे अमेरिकी नाणेसंग्रहातलं दंतकथेसारखं नाणं, जगात फक्त पाच ज्ञात. त्यातलं एक जॉर्ज वॉल्टन नावाच्या संग्राहकाकडे होतं. १९६२ मध्ये मोटार अपघातात तो गेला. त्याच्या नाण्यांची पाहणी झाली तेव्हा या निकेलवरचं साल बदललेलं आहे, म्हणजे नाणं बनावट आहे, असा निर्वाळा मिळाला. ते घरच्यांकडे परत आलं आणि बहिणीच्या कपाटात चार दशकं पडून राहिलं. २००३ मध्ये बाल्टिमोरला नाण्यांचं मोठं संमेलन भरलं, उरलेली चारही नाणी तिथे आणली गेली होती. सहा तज्ज्ञांनी वॉल्टनचं नाणं त्या चौघांशेजारी ठेवून तपासलं आणि एकमताने सांगितलं, अस्सल आहे. २०१३ च्या लिलावात त्याला ३१ लाखांहून जास्त डॉलर मिळाले.

मला या गोष्टीत किमतीपेक्षा कपाट महत्त्वाचं वाटतं. 'साल बदललंय' एवढा निर्वाळा असला की पुढचा माणूस तो तपासणार कसा? कुठला अंक खटकला? त्याच्याभोवती नेमकं काय दिसलं? कुठल्या अस्सल नाण्याशी ताडलं? अशी दोन-तीन वाक्यं मागता आली असती, तर ती कोणी तरी आधीच पडताळली असती. नुसता निकाल हाती असला की तो मानायचा किंवा कपाटात ठेवायचा, एवढंच उरतं.

आजच्या स्लॅबवरचं ६४ असंच मुकं आहे. ते जखमांमुळे ६४ आहे की झळाळी मंद म्हणून? ज्याला जखमा चालतात पण झळाळी हवीच, त्या संग्राहकाला हा फरक सगळ्यात मोठा. तेव्हा पाच घटकांच्या पाच लहान नोंदी द्या: जखमा, ठसा, झळाळी, रूप, झीज. निबंध नको, ग्रेडरने प्रत्येकापुढे उत्तम, मध्यम, कमी यांपैकी एक खूण करावी. 'यात वेळ जाईल' हा आक्षेप खरा आहे. पण ग्रेडरच्या डोक्यात हे निर्णय झालेलेच असतात, आकडा त्यांतूनच निघतो. ते फक्त टिपून ठेवायचे. स्वस्त नाण्यांच्या ढिगाला हे परवडणार नसेल तर ठराविक किमतीच्या वरच्या नाण्यांना द्या.

याहून धाडसी सूचना अशी की ग्रेडरांची मतं वेगळी पडली तर तेही सांगा. तिघांपैकी दोघे ६४ म्हणाले आणि एक ६५, तर ग्राहकाला तेच कळू द्या. तो कदाचित हातोडी खाली ठेवेल, कारण नाणं सीमेवर आहे हे त्याला आणि पुढच्या खरेदीदारालाही कळलेलं असेल. 'अधिक'ची अर्धी पायरी याच हेतूने आली असावी, पण तिने केलं इतकंच की एका सीमेच्या दोन सीमा झाल्या. आता लोक ६४ चं '६४ अधिक' व्हावं म्हणून पेटी फोडतात.

'साफ केलेलं' म्हणजे किती साफ?

एखाद्या नाण्याशी छेडछाड झाली असेल तर कंपन्या त्याला आकडा देत नाहीत. 'अस्सल आहे, पण साफ केलेलं' असा शेरा मारतात, सोबत झिजेची ढोबळ पातळी. या शेऱ्याखाली दोन टोकांची नाणी नांदतात. एक, शंभर वर्षांपूर्वी कोणी हळूच पुसलेलं, तिरक्या उजेडात चार केसासारख्या रेषा दिसणारं. दुसरं, तारेच्या ब्रशने यंत्रावर घासून खोटी चमक आणलेलं, पृष्ठभाग कायमचा गेलेलं. किमतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असायला हवा, लेबल मात्र जवळजवळ सारखंच. इथे सौम्य, मध्यम, तीव्र असे तीन शब्द घातले तरी मोठं काम होईल.

गोंधळ इथे संपत नाही. चांदीचं नाणं थायोयुरिया या रसायनाच्या द्रावणात क्षणभर बुडवून काढलं की काळेपणा जातो. त्यासोबत धातूचा अगदी पातळ थरही जातो. एकदा बुडवलेलं नाणं बाजार खपवून घेतो, त्याला आकडाही मिळतो. तेच चार वेळा केलं की त्या वाहण्याच्या रेषाच विरघळतात, नाणं पांढरंफटक, निर्जीव दिसतं आणि शेरा बसतो. सीमा कुठे? उलट, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर प्लास्टिकमधल्या द्रव्यांमुळे हिरवट, चिकट थर येतो. तो असिटोनने काढणं ही साफसफाई नव्हे, औषधोपचार आहे, कारण असिटोन धातूला हात लावत नाही. काय चालेल, काय नाही, हे उदाहरणादाखल फोटो देऊन जाहीर लिहिलेलं असावं. 'बघितलं की कळतं' हे उत्तर ग्रेडरला पुरतं, पैसे भरणाऱ्याला पुरत नाही.

तांब्याच्या नाण्यांना आणखी एक कटकट आहे. त्यांचा ग्रेड लाल, लाल-तपकिरी, तपकिरी अशा रंगासह देतात, आणि तांबं पेटीतही रंग बदलत राहतं. म्हणून तांब्याच्या रंगाच्या हमीला कंपन्या मुदत किंवा अपवाद घालतात. ते रास्त आहे. पण हा अपवाद हमीपत्राच्या बारीक अक्षरांत न ठेवता लेबलवर 'अमुक साली लाल' असा वर्षासह छापावा.

खोटी नाणी, खोट्या पेट्या

खरेपणाच्या तपासणीत बरीच प्रगती झाली आहे, म्हणून थोडक्यात. वजन आणि घनता ही पहिली चाळणी. चांदीची घनता १०.४९, सोन्याची १९.३. क्ष-किरणांनी धातूचं मिश्रण काही क्षणांत कळतं, पण फक्त वरच्या पातळ थराचं. जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्यांना दिसत नाही. टंगस्टन या धातूची घनता १९.२५, सोन्याला जवळजवळ चिकटून, त्यामुळे शुद्ध सोन्याच्या बाबतीत घनताही फसू शकते. एकच यंत्र पुरत नाही, आणि कुठल्या चाचण्या केल्या ते प्रमाणपत्रावर असलंच पाहिजे. चाचण्या पार करणारे कसबी नकलाकारही असतात. १९०७ च्या उंच उठावाच्या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्याची नक्कल करणाऱ्या एकाने गरुडाच्या नख्यांत ओमेगा या ग्रीक अक्षराचं इवलं चिन्ह कोरून जणू सहीच केली. ते सापडेपर्यंत त्या नकलांनी भल्याभल्यांना चकवलं होतं.

आता नकला पेट्यांच्याही होतात. लेबलवरचा क्रमांकही खऱ्या नाण्याचा उचललेला, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला तर 'बरोबर' असंच उत्तर येतं. पीसीजीएसने २०२० पासून पेटीत मोबाइलने वाचता येणारी चिप बसवायला सुरुवात केली, चांगलं पाऊल आहे. पण खरा उपाय जुनाच आहे: क्रमांकासोबत त्याच नाण्याचे स्पष्ट फोटो, सगळ्यांना फुकट. १९७९ च्या कागदी प्रमाणपत्रावर फोटो होताच. पेटी आली तेव्हा वाटलं की नाणं सीलबंद आहे, मग फोटो कशाला.

मग यंत्रालाच का बसवू नये?

पीसीजीएसने १९९० मध्येच मॉर्गन डॉलर ग्रेड करणारी 'द एक्स्पर्ट' नावाची संगणकप्रणाली जाहीर केली होती. ती टिकली नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ग्रेडिंग पूर्णपणे वस्तुनिष्ठ आणि दर वेळी सारखंच असतं, अशा जाहिरातींवर आक्षेप घेतला होता. आजचे संगणक तेव्हापेक्षा कितीतरी ताकदवान आहेत. जखमा मोजणं, त्यांच्या जागा टिपणं, पूर्वी आलेलं नाणं ओळखणं ही कामं त्यांना खुशाल द्यावीत. झळाळीसाठी मात्र एक फोटो पुरणार नाही, नाणं फिरवताना उजेड कसा हलतो ते बघावं लागतं, तेव्हा अनेक कोनांतून प्रकाश टाकून फोटो घ्यावे लागतील. आणि रूपाचा निवाडा माणसाकडेच राहू द्या. नाणं शेवटी माणूसच विकत घेतो.

एखाद्या सेवेने मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी यंत्रखरेदी सांगणार नाही. शंभर नाणी घ्या, सीमेवरची मुद्दाम जास्त. ती पेटीतून काढा आणि दर तीन महिन्यांनी इतर ग्राहकांच्या नाण्यांत मिसळून आपल्याच ग्रेडरांसमोर गुपचूप ठेवा. किती नाण्यांना तोच आकडा मिळाला, किती वर गेली, किती खाली, हे टिपा. वर-खाली सारखीच गेली तर डोळ्यांचा नैसर्गिक थरथराट आहे. वर जास्त गेली तर पट्टी ढिली होतेय. आणि तो तक्ता दर वर्षी छापा, वाईट आला तरी छापा. ही शंभर नाणी आणि त्यांचे जुने आकडे ग्रेडरांच्या खोलीबाहेरच्या एका माणसाच्या कुलपात ठेवावे लागतील, एवढाच काय तो बंदोबस्त.